दीड वाजताचं जेवण

बसा हो. असे अर्ध्यावर उठू नका. चपला कशाला शोधताय, दाराआडच आहेत, कुठं जात नाहीत. मी रागावलेली नाही — तोंड असंच आहे माझं, जन्मापासून. तुम्ही फळं घेऊन आलात, बदलीच्या गावी जायच्या आधी मुद्दाम वाट वाकडी करून आभार मानायला आलात — आजकाल एवढं तरी कोण करतं? तुमचं काही चुकलं नाही. फक्त एकदा परत सांगा. ऐकू येतं मला, कान धड आहेत, पण ऐकलेलं परत वदवून घ्यायची सवय आहे. सगळी नोकरी कोर्टात गेली ना. वकील कसली हो — लघुलेखक. साक्षीदार बोलायचा आणि मी उतरवायची, शब्द न शब्द. तर तुम्ही म्हणालात, 'वहिनी, तुमच्या हातचा डबा आता मिळायचा नाही, याचंच वाईट वाटतं.' असंच म्हणालात ना? मग मी विचारलं, कुठला डबा? आणि तुम्ही म्हणालात, 'साहेबांचा. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी द्यायचात तो.' आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही चपला शोधायला लागलात.

पाणी घ्या. घ्या हो, उकळलेलं आहे. आमच्या घरात दुसरं मिळणारच नाही — साहेब पाण्याच्या प्रयोगशाळेत ना तुमचे. तुम्ही गावोगावच्या विहिरींच्या बाटल्या गाडीतून आणायच्या आणि ह्यांनी त्यात मीठ किती, क्षार किती ते बघायचं. घरी आले तरी तेच. पाहुण्यांकडे गेले तर पाण्याचा घोट घेऊन सांगतात, तुमच्या टाकीत काहीतरी गडबड आहे. लोकांना लाज आणतात. म्हणून तर मी — थांबा, तो मिठाचा विषय नंतर. आधी हे सांगा, त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? मी तुमच्यासाठी जास्तीचा डबा भरते म्हणून? 'बायकोला सवय आहे, चार माणसांचं करायला गेली की पाचाचं होतं' — असं म्हणाले? वा. एवढं सुरेख खोटं बोलता येतं त्यांना, मला माहीत नव्हतं. घरी तर तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते.

जास्तीचा नव्हता हो तो. एकच असायचा, त्यांचाच. तीन डबे भरते मी सकाळी — ह्यांचा, थोरल्याचा, धाकटीचा — आणि चौथं माझं ताट, ते बघा, तिथं झाकून ठेवलंय. आणि त्यामागे एक ठरलेली गोष्ट आहे. आता तुम्ही घरातलेच झालात, दोन वर्षं खाताय, तर सांगायला हरकत नाही.

आमच्या घरात रात्रीचं जेवण एकत्र होईना. तुमच्याकडे होतं? नशीबवान आहात. थोरला बसच्या डेपोत, गाड्यांची वेळापत्रकं करतो. सबंध शहर कुठल्या बसला कधी उभं राहणार ते ह्याच्या हातात, आणि स्वतः घरी कधी येणार ते विचारलं तर खांदे उडवतो. धाकटी दवाखान्यात, मोडलेल्या माणसांना परत चालायला शिकवते — तिचे पेशंट कामं आटपून संध्याकाळी येणार, म्हणजे ती रात्री. ह्यांच्या तर बाटल्याच संपत नाहीत. एक आला की एक गेलेला. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत, कुणाचं तरी हेल्मेट, आणि एका कोपऱ्यात मी ताटावर ताट पालथं घालून बसलेली. गरम करायचं, गार करायचं, परत गरम करायचं. शेवटी मी सगळ्यांना एका रविवारी उभं केलं आणि म्हटलं, बरं, रात्र जमत नाही ना? दुपार जमवा. जिथं असाल तिथं, दीड वाजला की डबा उघडायचा. मीही इथं ताट घेऊन बसणार. एकच भाजी, एकच भात, एकच वेळ — भिंती वेगळ्या असल्या म्हणून काय झालं, पंगत एकच. आणि बसलात की फोनवर कळवायचं, एकच शब्द, 'बसलो'. जेवण झालं की 'झालं'. आणि मधे कुणी उठायचं नाही. हा माझा जुना नियम, मुलं लहान असल्यापासूनचा — आमच्याकडे जेवणावरून कुणी मधेच उठत नाही.

हसू नका. बरं, हसा. पण चाललं हो ते. मला वाटलं होतं चार दिवसांचं कौतुक, पण दीड वाजला की टिंग, टिंग, टिंग. तिघांचे एकामागोमाग एक, मिनिटसुद्धा मधे जात नाही. मी शेजारणीला दाखवायची — बघा, आमच्या घरची शिस्त. ती म्हणायची, तुमचं नशीब. मी म्हणायची, नशीब कसलं, वळण लावावं लागतं. आणि मी घास घ्यायची. एकटी बसून, पण एकटी नाही — कसं सांगू तुम्हाला, वांग्याचा घास तोंडात घातला की वाटायचं, आत्ता ह्यांनी देठ बाजूला काढला असेल. धाकटी भात आधी संपवत असेल, भाजी शेवटी. अशी जेवायची मी.

आता मिठाचं. गेल्या महिन्यात एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. म्हातारपण आलं, दुसरं काय. दीडला पहिला घास घेतला आणि तसाच ठेवला. लाज वाटली हो. तिन्ही डबे गेलेले, हातातून सुटलेले. म्हटलं आता तिघं संध्याकाळी येतील आणि माझी बिनपाण्याने करतील. एक एक आला. ह्यांनी डबा ओट्यावर ठेवला, मी विचारलं, कशी होती भाजी? 'छान.' थोरल्याला विचारलं. 'मस्त होती गं.' धाकटी तर म्हणाली, 'आई, आजची भाजी जास्त आवडली.' मी रात्रभर विचार केला. म्हणजे हे तिघं माझं मन राखतायत. धाकटीचं सोडा, थोरल्याचं सोडा, पण ज्या माणसाला विहिरीच्या पाण्यातलं चिमूटभर मीठ कळतं, त्याला भाजीत ते नाही हे कळणार नाही? कळलंच असणार. तरी गप्प राहिला. का? माझ्यासाठी. भाऊ, माझं मन कुणी राखलंय अशी वेळ ह्या घरात फार आलेली नाही. मी म्हटलं परत बघू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही घातलं. 'छान.' मग आणखी एकदा. 'छान.' मला इतकं बरं वाटायला लागलं की मी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. स्वतःही अळणीच खायची, आवंढे गिळत, आणि म्हणायची — खातायत बिचारे, माझ्यासाठी खातायत.

आणि खात होता तुम्ही.

तुम्हाला कळलं होतं ना? मान नका हलवू, तोंडानं सांगा. कळलं होतं. मग बोलला का नाहीत? साहेबांना रक्तदाब असेल म्हणून वहिनी अळणी करत असतील — असं वाटलं तुम्हाला? आणि गाडीत मिठाची पुडी ठेवलीत. बरोबर आहे. फुकटच्या जेवणाला नावं कोण ठेवणार. अहो, माझ्या घरचं मीठ खाल्लंत म्हणून तुम्हाला इमानाची शपथ घालावी, तर ते मीठही तुमचंच.

बरं, ते जाऊ दे. आता मुद्द्याचं. डबा तुम्ही खात होता, तर साहेब काय खात होते? 'माहीत नाही' म्हणू नका. त्यांना दुपारी गाडीतून सोडायला तुम्हीच जाता, आत्ताच म्हणालात, 'साहेबांना सोडलं की मी गाडीतच डबा उघडायचो.' बघा, शब्द माझ्यापाशी राहतो. कुठं सोडायचात? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय. हे बघा, बाई असेल तर सांगून टाका. मी काही फेकणार नाही तुमच्या अंगावर. ह्या वयात बाई असेल तर मी म्हणेन, निदान कुणीतरी त्यांना बोलतं केलं.

नाही? बाई नाही?

दवाखान्याच्या मागे? ती कोपऱ्यावरची खानावळ, निळ्या दाराची? तिथं तर धाकटीचा — कोण कोण असतं? मुलगी म्हणजे कोण मुलगी, उंच, केस कापलेली, चालताना पिशवी डाव्या खांद्यावर? आणि मुलगा.

आणि मुलगा.

रोज?

नाही नाही, बसा. मी बसलेलीच आहे ना, मग तुम्ही का उठताय. मला फक्त नीट सांगा. ह्यांच्या आधी येतात की नंतर? धाकटी आधी येऊन टेबल धरते. खिडकीजवळचं. बरोबर, तिला लहानपणापासून खिडकी लागते. आणि थोरला डेपोतून येतो, त्या वेळेची बस त्यानेच तशी लावली असेल, लबाड. काय मागवतात? तुम्ही बाहेर गाडीत, तुम्हाला काय दिसणार म्हणता — पण खिडकीजवळ बसतात ना, मग दिसतं. बोलतात? कोण बोलतं? हे? आमचे हे? हात हलवून? घरी ह्यांचे हात पानाबाहेर जात नाहीत हो. आणि मुलं काय करतात? हसतात. कशाला हसतात? ते तुम्हाला काचेतून कसं कळणार, खरं आहे.

चार खुर्च्या असतील ना त्या टेबलाला. चौथीवर काय असतं?

पिशव्या. डब्याच्या पिशव्या. म्हणजे त्या दोघांचे डबे तिथं असतात, भरलेले, आणि उघडत नाहीत. बाहेरचं खायला मनाई असेल, पाटी असेल तशी. असते पाटी. मग संध्याकाळी रिकामे कसे येतात? खात असेल कुणीतरी, तुमच्यासारखंच. दवाखान्यात भुकेली माणसं काय कमी असतात, आणि डेपोत तर विचारूच नका. म्हणजे अख्ख्या गावाला मी जेवायला घालतेय, आणि माझी माणसं खानावळीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि तिघांची अळीमिळी गुपचिळी. दोन वर्षं. मी कोर्टात एवढे साक्षीदार पाहिले, सख्खे भाऊ, नवरा-बायको — कुणाची ना कुणाची जबानी फुटतेच. ह्यांची नाही फुटली. एवढी एकी आहे माझ्या घरात, आणि मला वाटायचं घर पांगलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही काहीतरी केलं असेल. म्हणणार नाही, पण मनात आलं, दिसतंय. मी काय केलं? जेवू घातलं. विचारपूस केली. आईनं विचारायचं नाही तर कुणी? पूर्वी रात्री सगळे बसायचे, तेव्हा थोरला एकदा म्हणाला, 'आई, मला त्या डेपोतल्या कामाची भीती वाटते.' बरं. पुढं महिन्याभरानं त्याचे साहेब घरी आले होते, बढतीचं बोलत होते, ह्याला म्हणाले, जमेल ना? हा म्हणाला, जमेल. मी म्हटलं, 'अरे, तू तर म्हणाला होतास, मला त्या डेपोतल्या कामाची भीती वाटते.' खोटं बोलले का मी? त्याचाच शब्द, जशाचा तसा. बढती मग दुसऱ्याला गेली, तो भाग वेगळा. धाकटीचं एक स्थळ होतं, तिच्याच पसंतीचं, ती एकदा भाताशी खेळत म्हणाली, 'कधी कधी वाटतं, हा फार कंटाळवाणा आहे.' तो जेवायला आला तेव्हा मी सहज म्हटलं. सहज. हसण्यावारी न्यायचं होतं. आणि हे — ह्यांनी आपल्या भावाबद्दल एकदा जे काढलं होतं तोंडातून, ते त्या भावासमोर मी फक्त आठवण म्हणून — म्हणजे भाऊच विचारत होते, दादा असे तुटक का वागतात, तर मी कारण सांगितलं. मी एक अक्षर पदरचं घालत नाही. कोर्टात माझ्या कागदावर न्यायाधीश डोळे मिटून सही करायचे. मग घरात का —

त्यानंतर तेच सुरू झालं. 'बरा आहे.' 'ठीक.' 'छान.' टेबलावर तीनच शब्द फिरायचे, मिठाच्या बरणीसारखे, ह्याच्याकडून त्याच्याकडे. मी विचारायची, ते 'छान' म्हणायचे. आणि उठायची सोय नाही, कारण उठायचं नाही हा नियम. मग एकेकाला उशीर व्हायला लागला. पेशंट वाढले, बाटल्या वाढल्या, रात्रीच्या गाड्या वाढल्या. मी खरं धरून चालले. माणूस घरचं बोलणं शपथेवर थोडंच घेतो.

थांबा. आज संध्याकाळी बघते. तिघं आले की दार लावते, टेबलावरचे कपडे काढते आणि एकेकाला समोर बसवते. निळं दार, खिडकीजवळचं टेबल, चौथ्या खुर्चीवर पिशव्या — सगळं तुमच्या शब्दांत वाचून दाखवते. तुमचं नाव नाही घेणार. किंवा घेईन, तुम्ही तर चाललातच. मग बघू कुणाच्या तोंडून 'छान' निघतं ते. किंवा सरळ उद्या जाते. दीडच्या आधी जाऊन चौथ्या खुर्चीवर बसते. पिशव्या मांडीवर घेईन. येऊ देत एकेकाला.

आणि मग काय होईल? तुम्ही सांगा. सांगा ना, इतका वेळ ऐकताय. बसतील. मला बघून एकदम सरळ बसतील. हे हात पानाजवळ घेतील. मी विचारीन, काय मागवायचं? 'काहीही.' कसं आहे इथलं? 'छान.' आणि दुसऱ्या दिवशीपासून बाटल्या वाढतील, पेशंट वाढतील, आणि ते खिडकीजवळचं टेबल दुसरं कुणीतरी धरेल. आत्ता निदान तिघं तरी जेवतायत. माझ्या पोटची दोन आणि माझ्या कपाळाचा एक, रोज, एका टेबलावर, हसत. हेच तर मागत होते ना मी. मागताना मला धरून म्हणायला विसरले.

डोळ्यात काही नाही, कांदा चिरला होता मघाशी.

ऐका, दीड वाजला, निरोप आले. टिंग. दुसरं. तिसरं. हे बघा, चष्मा नसला तरी मला पाठ आहे. 'बसले.' ही धाकटी, टेबल धरलं तिनं. 'बसलो.' 'बसलो.' बघा, एकानंसुद्धा खोटं बोललेलं नाही. मी सांगितलं होतं, बसलात की कळवा. बसले, कळवलं. तिघांचे एका मिनिटात येतात ते एकाच टेबलावरून येतात म्हणून, आणि मी शेजारणीला शिस्त दाखवत होते. ती हसत असेल घरी जाऊन.

नाही, मी नाही सांगणार त्यांना. तुम्हीही सांगू नका की बाईला कळलं. दया आली म्हणून नाही गप्प बसत मी, तसा गैरसमज नको, माझा राग एवढा लवकर निवत नाही. पण आयुष्यात एकदा ऐकलेलं पोटात ठेवून बघते, कसं लागतं ते. आणि एक काम करा. तुमच्या जागी गाडीवर जो कुणी येईल, त्याला सांगून ठेवा — दुपारी साहेब डबा देतील, घे, लाजू नकोस. मिठाची पुडी ठेवायची गरज नाही, उद्यापासून मीठ घालते. काही कमीजास्त झालं तर साहेबांना नको म्हणावं, एखाद्या दिवशी इथं येऊन मला सांग. तोंडावर सांग. मला चालतं.

चला, उठा आता. तुमचा पुढचा रस्ता लांबचा आहे, आणि ही फळं न्या परत, गाडीत लागतील. नका नेऊ तर राहू देत. तो फोन द्या इकडे, मलाही कळवायला पाहिजे, नाहीतर तिकडे घास घ्यायची पंचाईत. 'बसले.' हं. गेलं. ते ताट सरकवा जरा, आणि जाताना दार ओढून घ्या. मी येत नाही दारापर्यंत. आमच्याकडे जेवणावरून कुणी मधेच उठत नाही.